गळ आणि जिलेटीन एकच नव्हे

मृग जवळ आला की आमच्याकडच्या ग्रुपवर तोच मेसेज फिरायला लागतो : ‘मासा शेवटी मरायचाच. गळानं मारा नाहीतर जिलेटीननं. उलट गळाचा मासा तडफडतो, स्फोटात क्षणात सुटतो. आपले आजोबाही डोहात गेळ्याचं विषारी फळ टाकायचेच की. आणि पंचगंगा तर आधीच मेलीय.’ मी भोगावतीकाठचा, लहानपणापासून गळ टाकून बसणारा. मला हे वाचून गप्प बसवत नाही.

क्षणात सुटतो, हे खोटं आहे. पाण्यात स्फोट झाला की दणक्यानं माशाच्या पोटातली हवेची पिशवी फुटते. अगदी जवळचे जागीच मरतात. थोडे लांबचे फुटक्या पोटानं तळाला बसतात, ते काठावरच्या माणसाला दिसतही नाहीत. बुट्टीत येतात त्यापेक्षा कितीतरी मासे मागं डोहात कुजतात. गळाच्या माशाला त्रास होतो, मला मान्य आहे. पण तो एकच असतो, माझ्या हातात असतो, बोटाएवढा निघाला तर परत सोडता येतो. जाळ्याच्या आसातूनही बारकं निसटतं. मरळ आपल्या पिल्लांचा थवा राखत फिरते. डोहात करंट सोडला किंवा ब्लीचिंग पावडर ओतली तर आई आणि थवा दोन्ही एकदम जातात. शिवाय तारेवर आकडा टाकून पाण्यात उतरणाऱ्याचाही जीव जातो, त्याच पाण्यावर म्हशी येतात.

गेळ्याचं खरं आहे. गेळफळ कुटून टाकत, रामेठा नावाचं विषारी झुडूपही वापरत. त्यातही लहानमोठं सगळंच मरायचं, त्यामुळं आजोबांचं नाव पुढं करून ते चांगलं ठरत नाही. आणि त्या फळाची बरोबरी शेतातल्या कीटकनाशकाच्या बाटलीशी कशी करायची? स्फोटकं आणि विष घालून मासे मारणं 1897 च्या भारतीय मत्स्योद्योग कायद्यानंच गुन्हा ठरवलं होतं, म्हणजे हा प्रश्न आजोबांच्याही आधीचा आहे.

राहिली पंचगंगा. खाली तेरवाड बंधाऱ्यापाशी प्रदूषणानं मेलेल्या माशांचा खच पडतो, ते पाहून माझंही काळीज तुटतं. पण म्हणूनच जिच्यातून पंचगंगा होते ती वरची कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती जपायला हवी. पहिल्या पावसात गाभोळीनं भरलेले मासे ओढ्यानं चढून भातखाचरापर्यंत येतात, तिथं अंडी घालतात. खालची नदी पुन्हा भरायची असेल तर मासा इथूनच उतरणार. नेमक्या त्याच रात्री, त्याच ओढ्यात लोक पावडर टाकतात. एका मादीबरोबर हजारो अंडी जातात.

यंदा माशांची चढण लागली की मी रात्री बॅटरी घेऊन आमच्या ओढ्यावर थांबणार आहे. मेसेज पाठवणाऱ्यांनीही यावं. गळ मी देतो.