‘नुसत्या सह्या’ म्हणणाऱ्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. मागच्या लेखात मी एवढंच म्हटलं होतं की बँकेतलं टेन्शन सिनिऑरिटीने कमी होत नाही, त्याची जात बदलते. त्यावर तुम्ही लिहिलंत, "टेन्शन काय ते आम्हा नव्या पोरांना, तुम्ही सिनिअर लोक एसीत बसून नुसत्या सह्या करता, क्लार्कबद्दल तर तुम्हाला काही माहीतच नाही." शिवाय पगार, पेन्शन, युनियन असं बरंच काही.

मतभेद असू देत हो, पण "एसीत बसून" ही काय बोलायची पद्धत झाली? ओळख ना पाळख, आणि थेट माणसावरच घसरायचं? क्लार्कवर मी दोनच ओळी लिहिल्या होत्या हे मान्य, त्या वाढवीन.

आता सह्या. मी प्रोबेशनरी ऑफिसर म्हणून लागले तेव्हा नक्की काम काय तेच कळायचं नाही, आज कॅशला बस, उद्या लोनला, त्रास व्हायचा, रडलेसुद्धा आहे, पण चुकलं तर वर कोणीतरी होतं. स्केल थ्रीला, म्हणजे सिनिअर मॅनेजर झाल्यावर, ब्रँच हातात आली तेव्हा फोनवर विम्याचं टार्गेट, समोर पीककर्ज नवं-जुनं करायला आलेला शेतकरी, घरी मुलाची दहावी, आणि तिघांनाही मी आत्ताच हवी. मानसशास्त्रज्ञ उदय पारीक यांनी ऐंशीच्या दशकात नोकरीतल्या भूमिकेच्या ताणाची प्रश्नावली केली त्यात असे दहा प्रकार आहेत, कामाचा बोजा हा त्यातला फक्त एक! त्याच जागी साचून राहणं, आपलं काम हळूहळू दुसऱ्याकडे जाणं, हेही त्यातच येतं, आणि ते तुमच्या वयात सहसा दिसत नाही.

आणि सही? हप्ता नव्वद दिवसांपेक्षा जास्त थकला की खातं एनपीए, म्हणजे थकीत कर्ज, मग स्टाफ अकाउंटेबिलिटी, म्हणजे चूक कुणाची याची चौकशी, निघते आणि फाइल उघडतात ती मंजुरीच्या सहीपासून. तोवर तुमच्या दोन-तीन बदल्या झालेल्या असतात, कर्जदाराचा चेहराही आठवत नसतो. माझ्या एका सहकाऱ्यांना रिटायरमेंट तोंडावर आली असताना अशाच जुन्या कर्जावरून चार्जशीट मिळाली, एक पैसा खाल्लेला नाही त्या माणसाने, आणि निरोप समारंभालाही आले नाहीत. ह्याला तुम्ही "नुसत्या" म्हणता?

बाकी पगार-पेन्शनचा इथे संबंध नाही, त्यात पडत नाही. तुमच्याच मॅनेजरना एकदा विचारा, जुन्या ब्रँचची किती पत्रं त्यांना अजून येतात. मग लिहा काय लिहायचं ते.