मुंगी चावल्यासारखं

डिहायड्रेट झालेल्या चार महिन्यांच्या बाळाची शीर मला पहाटे तीन वाजता, अर्धवट झोपेतही सापडते. पण "टेल अस अबाउट युवरसेल्फ" असं कुणी म्हटलं की मला माझं स्वतःचं काहीही सापडत नाही. नाव आठवतं, तेही माहेरचं.

अकरा वर्षं पुण्यात नर्सिंग केल्यावर इंग्लंडला जायचं खूळ माझ्या डोक्यात घातलं ते आमच्या वॉर्डातल्या चेचीने. चेची, म्हणजे मल्याळीत ताई, केरळातल्या कोट्टायमची. तिची बहीण, मावसबहीण आणि नणंद तिकडे आहेत, त्यामुळे तिला ससूनला जायचा रस्ता सांगावा तसा इंग्लंडचा रस्ता सांगता येतो. "तू कधी जाणार? म्हातारी झाल्यावर? मग पेशंट म्हणून जा," असं ती रोज हँडओव्हर देताना म्हणायची. शेवटी सिंहगड रोडवरच्या फ्लॅटचा हप्ता वाढला आणि मला चेचीचं म्हणणं पटलं.

कागदपत्रांबद्दल मी इथे काही लिहीत नाही, कारण माझं बीपी मला सांभाळायचं आहे. सीबीटी, म्हणजे तिकडे नर्स म्हणून नोंदणीसाठीची कॉम्प्युटरवरची परीक्षा, झाली. तिच्यात गणिताचा भाग वेगळा असतो, पण ड्रिपचे थेंब मोजण्यात हयात गेलेल्या बाईला त्याची काय भीती? खरी भीती इंग्रजीची. त्यासाठी मी ओईटी ही डॉक्टर-नर्सांसाठीची इंग्रजीची परीक्षा निवडली, कारण तिच्यातले विषय निदान दवाखान्यातले असतात. आयइएल्टीएस या इंग्रजीच्या दुसऱ्या परीक्षेत कागदावर दिलेल्या विषयावर एक मिनिट विचार करून दोन मिनिटं बोलायचं असतं. आमच्याकडे विचार न करता दोन तास बोलायची पद्धत आहे.

ओईटीत समोरचा माणूस पेशंट होतो आणि तुम्ही नर्सच राहता. मला वाटलं, यात काय अवघड? क्लासमध्ये पहिल्याच दिवशी मॅडम पेशंट झाल्या आणि म्हणाल्या, मला ऑपरेशनची फार भीती वाटते. मी त्यांचा हात धरून म्हटलं, "डोन्ट वरी, नथिंग विल हॅपन." मॅडमनी तिथेच थांबवलं. म्हणाल्या, ही खोटी आशा झाली, याचे मार्क कापतात. आधी विचारा, नक्की कशाची भीती वाटते?

मी हादरलेच. 'काही होत नाही हो' हे आमच्या वॉर्डातलं सगळ्यात जास्त खपणारं औषध. स्टॉकमध्ये पॅरासिटामॉल संपेल, हे संपत नाही. आता ते बंद करायचं, तर उरलं काय? 'मुंगी चावल्यासारखं वाटेल' हेही बाद, कारण तीही थापच, आणि कुणाच्या मुंग्या अठरा गेजच्या सुईएवढ्या जाड असतात? मी चेचीच्या बहिणीला व्हिडिओ कॉलवर विचारलं, तुम्ही तिकडे सुई टोचताना काय म्हणता? ती म्हणाली, "शार्प स्क्रॅच." सगळ्या सिस्टर हेच म्हणतात म्हणे. म्हणजे ओरखडा. साहेबाच्या देशात मुंगीचं काम मांजराला दिलेलं आहे, एवढाच काय तो फरक.

ओईटी निघाली. मग इंटरव्ह्यूची तयारी सुरू झाली आणि घरात नाट्यमंडळ उभं राहिलं. पॅनेल म्हणजे नवरा. त्याने पहिलाच प्रश्न टाकला, "व्हाय यूके?" मी म्हटलं, "ईएमआय." तो म्हणाला, असं नाही सांगायचं. मग काय सांगायचं? तर तिथल्या नर्सिंगच्या सहा 'सी' मूल्यांमुळे. केअर, कंपॅशन, कॉम्पिटन्स, कम्युनिकेशन, करेज, कमिटमेंट. ही यादी मी फ्रिजवर लावली. सहापैकी पाच पाठ झाले. करेज नेमका गॅसवाल्याच्या चुंबकाखाली गेला होता, तो इंटरव्ह्यूच्या आदल्या दिवशी सापडला.

त्याहून अवघड होतं 'मी' म्हणणं. तुमचा एखादा अनुभव सांगा म्हटलं की परिस्थिती काय होती, तुमचं काम काय होतं, तुम्ही काय केलंत, निष्पन्न काय झालं, अशा क्रमाने बोलायचं. त्यात 'तुम्ही काय केलंत' याला फार महत्त्व. माझ्या तोंडून मात्र दर वाक्याला 'आम्ही' निघायचं. आम्ही पेशंट शिफ्ट केला, आम्ही डॉक्टरांना उठवलं. नवरा वैतागून म्हणाला, "या 'आम्ही'त नक्की कोण कोण होतं?" खरं तर मी एकटीच होते. मावशी झोपल्या होत्या.

दुसरा अडसर म्हणजे 'तुमच्या हातून झालेली एक चूक सांगा.' चूक झाली तर पेशंटला स्वतःहून सांगायची, माफी मागायची, असा तिथे नियमच आहे. माझा जन्म सदाशिव पेठेतला. आमच्याकडे चूक दाखवण्याची परंपरा मोठी आहे, कबूल करण्याची अजून सुरू व्हायची आहे.

पेशंटच्या भूमिकेला उमेदवार शोधावा लागला नाही. माझे सासरे, म्हणजे अण्णा, इरिगेशनमधून रिटायर झाले असले तरी एके काळी ऑफिसच्या नाटकात कामं करायचे. नवऱ्याने 'पेशंट रिफ्यूजेस मेडिसिन' म्हटलं रे म्हटलं की अण्णा आतल्या खोलीतून गोळ्यांची पट्टी हातात घेऊन एंट्री घ्यायचे आणि गरजायचे, "आय विल नॉट टेक!" मग मी मवाळ आवाजात कारण विचारायचं, ऐकून घ्यायचं, लिहून ठेवायचं, डॉक्टरांना कळवायचं. २००५ सालचा इंग्लंडचा एक कायदाच आहे, की शहाण्यासुरत्या माणसाने मूर्खपणाचा निर्णय घेतला, तरी तेवढ्यावरून त्याला अक्कल नाही असं धरायचं नाही. हे कलम अण्णांना इतकं आवडलं की त्यांनी बीपीची गोळी दोन दिवस खरोखरच घेतली नाही.

इंटरव्ह्यू मे महिन्यात, तिकडच्या सकाळी साडेनऊला ठरला. म्हणजे आपल्याकडे दुपारी दोन. पुण्यात यापेक्षा चांगला मुहूर्त पंचांगातही मिळणार नाही. 'दुपारी १ ते ४ बेल वाजवू नये' ही खालच्या काकांची पाटी आयुष्यात पहिल्यांदा माझ्या कामी आली. भंगारवालाही आमच्या गल्लीत चारनंतर घसा मोकळा करतो. मी भिंतीवरून कॅलेंडर काढलं, खिळा तसाच राहिला. वरती जावेचा ब्लेझर, खाली घरातली सलवार. अण्णांना आमरस वाढून झोपवलं.

पॅनेलवर दोन बायका आणि एक गृहस्थ. सुरुवात बरी झाली. न्यूज-टूचा, म्हणजे पेशंट किती बिघडलाय ते सांगणारा स्कोअर सात किंवा त्याहून जास्त झाला तर काय, हे तर मला झोपेतही येतं. सहाही 'सी' आले, करेजसकट. मग त्यातल्या मोठ्या बाईंनी विचारलं, "अ पेशंट रिफ्यूजेस हिज मेडिकेशन. व्हॉट विल यू डू?"

मी तोंड उघडणार, तोच आतलं दार उघडलं. अण्णा बनियनवर, केस उभे, हातात पट्टी. झोपेत एंट्रीचं वाक्य कानावर पडलं आणि जातिवंत नट उठला. "आय विल नॉट टेक!"

पाठ केलेलं सगळं पळालं. माझ्या तोंडून निघालं ते अकरा वर्षांचं मराठी. "अण्णा, गुपचूप आत जा, नाहीतर रात्रीचा आमरस बंद!" अण्णा आत गेले. गोळीही घेतली, मला भांड्याचा आवाज आला.

पलीकडे शांतता. मग बाईंनी विचारलं, "व्हॉट डिड यू से टु हिम?" क्षणभर वाटलं, सांगावं की मी त्यांच्या निर्णयाचा आदर केला. पण खोटं सांगायला जेवढं इंग्रजी लागतं, तेवढं माझ्याजवळ नव्हतं. मी सांगितलं, मी त्यांचा आंब्याचा रस थांबवायची धमकी दिली, आणि हे चूक आहे, मी आधी कारण विचारायला हवं होतं. पुढे सगळं रीतसर सांगितलं. तिघेही बराच वेळ काहीतरी लिहीत होते. त्या गृहस्थांनी शेवटी एवढंच विचारलं, निर्णय घेण्याइतकं भान त्यांना आहे का? मी म्हटलं, "सर, मोर दॅन नेसेसरी."

नऊ दिवसांनी मेल आला. नोकरी मिळाली, पुढच्या परीक्षेच्या अटीवर. ती तिकडे गेल्यावर द्यायची, दहा स्टेशनं, म्हणजे दहा टप्पे असतात, आणि काही ठिकाणी पेशंटच्या जागी नट उभे करतात. हे वाक्य मी अण्णांसमोर मोठ्याने वाचायला नको होतं. तेव्हापासून ते माळ्यावरची ट्रंक उपसून आपला जुना पासपोर्ट शोधतायत.