इंपालाच्या जाड पत्र्याने किती जणांना वाचवलं?

एक मजकूर मराठी गटांमध्ये फिरतो आहे. सोबत फोटो असतो: बाजूला लाकडी फळ्यांसारखी पट्टी असलेली लांबलचक अमेरिकन स्टेशन वॅगन, टपावर सामान, मागच्या काचेतून हात हलवणारी पोरं. खाली लिहिलेलं असतं की साठ-सत्तरच्या दशकातल्या या अमेरिकन फॅमिली गाड्या रणगाड्यासारख्या भक्कम होत्या, आत बसलेल्याला काही होत नसे. त्या वर्षानुवर्षं टिकत, कुठलाही मेकॅनिक पाना-पकड घेऊन त्या दुरुस्त करी, घरातल्या एकाच कमावत्याच्या पगारात परवडत आणि त्यांत सहा माणसं आरामात बसत. मग सरकारने पेट्रोलचे नियम आणले आणि या गाड्या संपवल्या.

या गाड्यांचं आकर्षण मला कळतं. मुंबईत जनरल मोटर्स १९२८ पासून शेवरोले जोडत होती, स्वातंत्र्यानंतर कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून डॉज आणि प्लिमथ बाहेर पडत, आणि आमच्या आधीच्या पिढीला शेवरोलेची मोठी गाडी 'इंपाला' म्हटलं की श्रीमंती डोळ्यांसमोर येई. सत्तरच्या दशकात अमेरिकेत गेलेल्या कितीतरी मराठी कुटुंबांची पहिली गाडी अशीच एखादी सेकंडहँड, पाच मीटरहून लांब गाडी होती. त्या आठवणींशी माझं भांडण नाही. भांडण आहे ते मजकुरातल्या पहिल्याच वाक्याशी, कारण ते वाक्य आजही माणसं शोरूममध्ये वापरतात. बॉनेटवर टिचकी मारून, दरवाजा जोरात लावून 'पत्रा जाड आहे, गाडी सेफ आहे' असं ठरवतात. म्हणून सुरुवात तिथूनच.

भक्कमपणाची परीक्षा झालेली आहे, आणि तिचा व्हिडिओ कुणालाही बघता येतो. २००९ मध्ये अमेरिकेतल्या विमा कंपन्यांच्या महामार्ग सुरक्षा संस्थेने आपल्या पन्नासाव्या वर्षानिमित्त १९५९ ची शेवरोले बेल एअर आणि २००९ ची शेवरोले मालिबू ताशी ६४ किलोमीटर वेगाने समोरासमोर आणल्या. दोन्ही एकाच कंपनीच्या, वजनाने जवळपास सारख्या, मध्ये पन्नास वर्षं. धडक ड्रायव्हरच्या बाजूने, अर्धवट रुंदीत, खऱ्या रस्त्यावर होते तशी. व्हिडिओ सावकाश चालवून बघा. बेल एअरचं नाक चेपतं, पण तिथे थांबत नाही. समोरच्या काचेचा खांब मागे दुमडतो, काच निखळते, डॅशबोर्ड आत येतो आणि स्टिअरिंग ड्रायव्हरच्या जागी बसवलेल्या पुतळ्यावर येऊन आदळतं. मालिबूचंही नाक पार चुरगळतं, पण ड्रायव्हरची खोली जशीच्या तशी राहते. संस्थेचा निष्कर्ष असा की बेल एअरमधला माणूस जवळजवळ नक्की मेला असता आणि मालिबूमधल्याला पायाला किरकोळ दुखापत झाली असती.

यावर लगेच कुणीतरी लिहितं की बेल एअरचं इंजिन काढून ठेवलं होतं, गाडी गंजलेली होती. इंजिन जागेवर होतं, ३.९ लिटरचं सहा सिलिंडरचं. खरी अडचण खाली होती. १९५८ ते १९६४ च्या मोठ्या शेवरोले गाड्यांची चासी, म्हणजे खालचा सांगाडा, वरून पाहिली तर फुलीच्या आकाराची, मध्ये निमुळती. ड्रायव्हरच्या पायाशेजारून, गाडीच्या कडेने जाणारी मजबूत तुळईच नव्हती. वरचा पत्रा जाड होता, पण जिथे जोर घ्यायचा तिथे आधारच नव्हता.

आणि सगळीकडे आधार असता तरी भागलं नसतं. गाडी जितकी ताठ, तितका धक्का आतल्या माणसाला जास्त. लोखंडी कपाटात काचेची भांडी ठेवून ते जिन्यावरून सोडलं तर कपाटाला चार पोचे येतील, आत चुरा होईल. गाडीचं पुढचं आणि मागचं टोक मुद्दाम चेपू द्यायचं आणि मधली खोली टणक ठेवायची, ही कल्पना मर्सिडीजमधल्या बेला बारेनी या इंजिनिअरची. तशी गाडी मर्सिडीजने बाजारात आणली १९५९ मध्ये, म्हणजे या बेल एअरच्याच वर्षी. त्याच वर्षी व्होल्वोच्या नील्स बोलिनने तीन बिंदूंचा सीट बेल्ट दिला. डेट्रॉइटला, म्हणजे अमेरिकन मोटार उद्योगाला, हे माहीत नव्हतं असंही नाही. फोर्डने १९५६ मध्ये सीट बेल्ट आणि मऊ आवरणाचा डॅशबोर्ड जादा पैसे घेऊन देऊ केला होता. पण पुढची दहा वर्षं या उद्योगाने मुख्यतः क्रोमच्या चकचकीत पट्ट्या आणि गाडीच्या मागचे शोभेचे पंख विकले.

रस्त्यावरचे आकडे पाहा. १९६६ मध्ये अमेरिकेत दर दहा कोटी मैल प्रवासामागे साडेपाच माणसं मरत. २०१९ मध्ये हे प्रमाण १.१ होतं. १९७२ या एका वर्षात तिथे ५४ हजारांहून जास्त माणसं रस्त्यावर गेली, तेव्हा देशाची लोकसंख्या आजच्या दोन-तृतीयांशाच्या आसपास होती. ही घट एकट्या गाड्यांची नाही, रस्ते सुधारले, दारू पिऊन चालवण्यावर कडक कारवाई झाली, इस्पितळं सुधारली. पण गाड्यांमधल्या सुरक्षा साधनांचा वेगळा हिशोब अमेरिकन सरकारच्या वाहतूक सुरक्षा संस्थेने काढला आहे: १९६० ते २०१२ या काळात ६ लाख १३ हजारांहून जास्त जीव वाचले.

ब्रेकबद्दल तर मजकूर एक अक्षर बोलत नाही. १९६६ पर्यंतच्या बहुतेक अमेरिकन गाड्यांत चारही चाकांच्या ब्रेकचं तेल पेडलने दाबल्या जाणाऱ्या एकाच मास्टर सिलिंडरमधून, एकाच वाटेने जाई. एका चाकाची रबरी नळी फुटली की पेडल थेट फळीला टेकायचं आणि चारही ब्रेक एकदम जायचे. दोन टन वजन, चारही चाकांना जुन्या पद्धतीचे ड्रम ब्रेक, लांब उतार, मागे मुलं. दोन वेगळ्या वाटांची व्यवस्था १९६८ पासून नियमाने सक्तीची झाली.

मुलांचं म्हणाल तर वॅगनच्या मागच्या मोकळ्या जागेत चादर टाकून झोपलेली पोरं हेच त्या फोटोचं काळीज आहे. ती पोरं कशालाही बांधलेली नव्हती. लहान मुलांसाठी वेगळी सीट बंधनकारक करणारं पहिलं राज्य टेनेसी, १९७८ मध्ये. सगळ्या राज्यांत तसे कायदे यायला १९८५ उजाडलं. 'आम्ही असेच वाढलो, आम्हाला काही झालं नाही' असं लिहिणारे खरंच बोलतात, पण ज्यांना झालं ते आज लिहायला नाहीत.

आता टिकाऊपणा. त्या काळातल्या कुठल्याही मोठ्या अमेरिकन गाडीत ड्रायव्हरच्या जागेवर बसा आणि मैल मोजणारा मीटर पाहा. पाचच आकडे. ९९,९९९ झाले की पुढे पुन्हा शून्य. एक लाख मैल, म्हणजे एक लाख साठ हजार किलोमीटर, ही गाडीच्या आयुष्याची हद्द मानूनच मीटर बनवला जाई, आणि बऱ्याच गाड्या तिथवर पोचतही नसत. थंडीच्या प्रदेशात रस्त्यावर टाकलेलं मीठ चाकांवरचा पत्रा काही वर्षांत खाऊन टाकी. १९७० च्या सुमारास अमेरिकेतल्या रस्त्यावरच्या गाडीचं सरासरी वय साडेपाच वर्षांच्या आसपास होतं. आज ते साडेबाराच्या वर आहे. तेव्हा नवी विक्री जोरात असल्यानेही सरासरी खाली होती, हे मान्य. तरीही दुपटीहून मोठा फरक तेवढ्याने भरून निघत नाही. प्रदर्शनात चकाकणारी १९६५ ची इंपाला बघून 'काय टिकली बघा' म्हणणं सोपं असतं. त्या एका वर्षात दहा लाखांहून जास्त इंपाला विकल्या गेल्या. बाकीच्या कुठे गेल्या, हे फोटोत दिसत नाही.

दुरुस्ती सोपी होती, हे खरं आहे. बॉनेट उघडलं की इंजिनाच्या दोन्ही बाजूंना हात घालायला जागा असे. पण दुरुस्ती सोपी होती कारण ती सतत करावी लागे. प्लगांना वीज वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढा, आतले विजेचे पॉइंट्स जळलेत का बघा, फिलर गेजने फट मोजा, कंडेन्सर बदला, मग टायमिंग लावा. दर दहा-बारा हजार मैलांना हे आणि नवे प्लग, त्याआधी दर तीन-चार हजार मैलांना ऑइल, सांध्यांना ग्रीस. सकाळी थंडीत चोक अडकला तर कार्ब्युरेटर पेट्रोलने भरून जाई आणि गाडी उठत नसे. आजच्या गाडीतले प्लग एक लाख मैल चालतात आणि पॉइंट्स हा प्रकारच राहिलेला नाही. या मुद्द्यात एक गोष्ट मात्र मी मजकुराच्या बाजूने मांडेन: आजच्या गाडीची माहिती कंपनीच्या संगणकाआड असते आणि छोट्या गॅरेजवाल्याला ती मिळवताना नाकी नऊ येतात. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने २०१२ मध्ये त्यासाठी कायदा केला. ही तक्रार रास्त आहे, पण तिच्यासाठी कार्ब्युरेटर परत आणायची गरज नाही.

किमतीचा मुद्दा मी बराचसा मान्य करते. १९६५ ची इंपाला साधारण २,७०० ते २,८०० डॉलरला सुरू होई आणि त्या वर्षी मध्यम अमेरिकन कुटुंबाचं उत्पन्न ६,९०० डॉलरच्या आसपास होतं, म्हणजे पाचांतले दोन भाग. आज सरासरी नवी गाडी वर्षाच्या उत्पन्नाच्या निम्म्याजवळ जाते. फक्त तेव्हाच्या किमतीत रेडिओ, एअर कंडिशनर, पॉवर स्टिअरिंग, ऑटोमॅटिक गिअर धरलेले नसत.

ऐसपैसपणाबद्दल मजकूर लिहिणाऱ्याने जनरल मोटर्सचाच इतिहास वाचायला हवा होता. १९७६ ची शेवरोले कॅप्रिस ५.६६ मीटर लांब होती. १९७७ ची कॅप्रिस जवळपास २७ सेंटिमीटर आखूड झाली आणि तिचं वजन पावणेतीनशे किलोच्या आसपास घटलं. आत मात्र डोक्यावरची जागा वाढली, मागे पाय ठेवायला जागा वाढली, डिकीही मोठी झाली. त्या वर्षीचा मोटर ट्रेंड मासिकाचा 'कार ऑफ द इयर' किताब तिला मिळाला आणि ती धडाधड खपली. आधीच्या गाडीची ती लांबी बसणाऱ्याच्या वाट्याला येतच नव्हती, ती बॉनेटच्या आणि डिकीच्या टोकाला लटकत होती.

इथूनच शेवटचा आरोप सुटतो, सरकारने या गाड्या मारल्याचा. पेट्रोलच्या सरासरीचा, म्हणजे कंपनीच्या गाड्यांनी ठरावीक पेट्रोलमध्ये सरासरी किती अंतर जायलाच हवं याचा कायदा डिसेंबर १९७५ मध्ये राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांच्या सहीने झाला आणि त्याची पहिली मर्यादा १९७८ च्या गाड्यांना लागली. १९७७ ची छोटी कॅप्रिस १९७६ च्या शरद ऋतूत दुकानात होती. नवी गाडी आखून, साचे करून बाजारात आणायला तीन-चार वर्षं लागतात. म्हणजे हा निर्णय कायद्याच्या आधीचा. त्याचं कारण होतं ऑक्टोबर १९७३ चा अरब देशांचा तेलबंदीचा निर्णय, ज्यानंतर काही महिन्यांत कच्चं तेल पिंपाला तीन डॉलरवरून बाराजवळ गेलं. पंपांसमोर मैलभर रांगा लागल्या. १९७५ ची सरासरी नवी अमेरिकन गाडी लिटरला साडेपाच किलोमीटर देत होती, आणि मोठी वॅगन त्याहून कमी. हा हत्ती पोसणं पगारदार माणसाला परवडेना, तो टोयोटा आणि होंडाकडे वळला.

या आरोपात एक धागा खरा आहे आणि तो लपवणं बरोबर होणार नाही. कायद्याने मोटारींना कडक आणि 'लाइट ट्रक'ना, म्हणजे हलक्या ट्रकच्या वर्गाला, सैल मर्यादा लावली. वॅगन मोटारीत मोडे, मिनीव्हॅन आणि एसयूव्ही ट्रकमध्ये. १९८३ च्या अखेरीस क्रायस्लरने मिनीव्हॅन आणली तेव्हा तिला या फटीचा फायदा मिळाला, पुढे एसयूव्हींना तर भरपूर मिळाला. नियम वाईट लिहिला होता असं म्हणा, मी सही करेन. पण बंदी कुणावरच नव्हती. लाकडी पट्टीची ब्युइक रोडमास्टर वॅगन १९९६ पर्यंत विकत मिळे. फोर्डची क्राउन व्हिक्टोरिया, चासीवर बॉडी बसवलेली, आठ सिलिंडरच्या व्ही-८ इंजिनाची, २०११ पर्यंत बनत होती.

त्याच काळातल्या दुसऱ्या एका नियमाचे मात्र मी मनापासून आभार मानते. १९७५ पासून बहुतेक नव्या अमेरिकन गाड्यांना धूर साफ करणारं कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लागलं आणि त्यासाठी शिसं नसलेलं पेट्रोल पंपांवर आणावं लागलं. १९७६ ते १९८० च्या राष्ट्रीय पाहणीत एक ते पाच वर्षांच्या अमेरिकन मुलांच्या रक्तात शिशाचं सरासरी प्रमाण दर डेसिलिटरला १५ मायक्रोग्रॅम होतं. आज तिथे एखाद्या मुलाच्या रक्तात ३.५ सापडलं तरी आरोग्य यंत्रणा चौकशीला लागते. फोटोतल्या मागच्या काचेतून हात हलवणाऱ्या पोरांच्या रक्तातलं शिसं बऱ्याच अंशी अशाच गाड्यांच्या धुरातून आलेलं होतं. भारतात शिशाचं पेट्रोल बंद व्हायला २००० साल उजाडलं.

'पण आज पुन्हा तशी गाडी का काढत नाहीत?' हा प्रश्न मजकुराखाली हमखास येतो. काढली होती. २०१४ च्या मॉडेलची शेवरोले इंपाला पूर्ण आकाराची होती, मागे तिघं आरामात बसत, डिकी प्रचंड, सोबत दहा एअरबॅग. वस्तू तपासून गुण देणाऱ्या कन्झ्युमर रिपोर्ट्स या अमेरिकन मासिकाने तिला सगळ्या सेडानमध्ये पहिला क्रमांक दिला, वीस वर्षांत कुठल्याही अमेरिकन सेडानला न मिळालेला. पेट्रोलच्या नियमात ती बसत होती आणि ती विकायला कुणाचा अटकाव नव्हता. लोकांनी तिच्या शेजारी उभ्या असलेल्या एसयूव्ही घेतल्या, आणि फेब्रुवारी २०२० मध्ये डेट्रॉइट-हॅमट्रॅमकच्या कारखान्यातून शेवटची इंपाला बाहेर पडली.