काकांचं घर, घरच्यासारखे तुम्ही

घर भाड्याने घेताय? मग आधी घरमालकांना 'काका' म्हणायला लागा. एकदा नातं जुळलं की कागद मागताना जीभ अडखळते, आणि ती अडखळलेलीच बरी.

काका म्हणतील, "अकरा महिन्यांचाच तर करार, रजिस्ट्रेशन कशाला? नोटरी करून टाकू." तुम्ही मान डोलवा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 मधलं कलम 55 काढून बसू नका. त्यात अकरा महिन्यांना सूट नाही. करार लेखी हवा, नोंदवलेला हवा आणि नोंदवायची जबाबदारी घरमालकाची. नाही नोंदवला तर तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. वर, अटींवरून वाद झाला तर भाडेकरू सांगेल ते खरं, खोटं ठरेपर्यंत. एवढं सगळं आपल्या बाजूने आहे हे कळलं की माणसाला उगाच शांत झोप लागायला लागते.

डिपॉझिट रोख द्या. पावती देणं कायद्याने बंधनकारक आहे, पण मागून काकांना ओशाळं करू नका. राहत्या घराला जास्तीत जास्त दोन महिन्यांचं भाडं डिपॉझिट, असं केंद्राच्या 2021 च्या आदर्श भाडेकरू कायद्यात आहे खरं. पण राज्याने स्वीकारल्याशिवाय तो लागू होत नाही. आदर्शांना आपण लांबूनच हात जोडतो.

जादा चावी काकांकडे असणारच. रविवारी तुम्ही तोंडात ब्रश धरून उभे असताना ते आत येतील, "चालू द्या, चालू द्या" म्हणतील आणि दोरीवरचा तुमचा बनियन दोन बोटांनी बाजूला सारून भिंतीची ओल बघतील. भाडे नियंत्रण कायद्याचंच कलम 28 म्हणतं, पाहणीला यायचं तर आधी कळवून, योग्य वेळी. आता आलेत म्हणजे कळलंच की तुम्हाला! दुरुस्ती घरमालकाने करायची असते, हे तुमच्या ओठांवर यायच्या आत तेच विचारतील, "कपडे घरातच वाळवता वाटतं?" लगेच माफी मागा.

पुढे बिनसलंच आणि पाणी बंद झालं, तर घरमालकाला सबळ कारणाशिवाय पाणी तोडू न देणारं कलम 29 नको, बादली शोधा. बाहेरून कुलूप लागलं तर मात्र जपून! कायदेशीर मार्गाशिवाय ताबा काढून घेतला तर सहा महिन्यांच्या आत कोर्टात जाता येतं, आणि तिथे घर कोणाच्या नावावर आहे हे बघतही नाहीत. तेवढे सहा महिने "काका चिडलेत, निवळतील" म्हणत मित्राकडे काढा.

घर सोडताना काका हातात बॅटरी घेऊन भिंतींवरची खिळ्यांची भोकं मोजतील. राहायला येताना तुम्ही फोटो काढले नव्हतेत ना? शाबास. "सात... आणि हे आठवं." डिपॉझिटमधून आठही वळती होतील. आठव्या खिळ्याला काकांच्याच वडिलांची तसबीर होती. तिला तर तुम्ही रोज उदबत्ती लावत होतात.