अण्णांचा फिनलंडशी पत्रव्यवहार

मुक्तानं तिच्या आजोबांना, म्हणजे आमच्या अण्णांना, पोस्टक्रॉसिंगवर खातं उघडून दिलं, तेव्हापासून माझ्या शनिवारची वाट लागली आहे.

प्रकार २००५ साली पोर्तुगालमधल्या एका विद्यार्थ्यानं सुरू केलेला. संगणक तुम्हाला जगातल्या कुणा अनोळखी माणसाचा पत्ता आणि एक नंबर देतो. तुम्ही हातानं पोस्टकार्ड लिहायचं, नंबर घालायचा, पेटीत टाकायचं. समोरच्यानं तो नंबर संगणकावर नोंदवला, की तुमचा पत्ता भलत्याच तिसऱ्याला जातो आणि कार्ड तो पाठवतो.

"म्हणजे ज्याला लिहिलं तो उत्तर देणार नाही?"

"नाही आजोबा. दुसरंच कुणीतरी देणार."

"आहेर करायचा देशपांड्यांकडे आणि परतफेड कुलकर्ण्यांकडून? कसली ही रीत?"

पहिला पत्ता आला फिनलंडमधल्या एका बाईंचा. अण्णांनी चष्मा पुसून पाहिला. "पिनकोडातला एक आकडा खाल्लाय. पाचच आहेत."

आरएमएसच्या, म्हणजे रेल्वेतल्या टपालसेवेच्या डब्यात रात्ररात्र टपाल वेगळं केलेला माणूस. श्रीराम भिकाजी वेलणकरांनी १५ ऑगस्ट १९७२ ला पिनकोड आणला, आणि वेलणकर संस्कृतात कविता करत, हे आम्हाला दर स्वातंत्र्यदिनी झेंड्याच्या आधी ऐकावं लागतं. तिकडे पाचच आकडे असतात हे पटवण्यात अर्धा तास गेला. तरी शेवटी पेन्सिलीनं हळूच जोडलेलं शून्य मी खोडरबरानं पुसलं.

मग मजकूर. वर मध्यभागी ॥ श्री ॥, खाली इंग्रजीत 'रिस्पेक्टेड मॅडम', मग पाऊसपाणी, मग स्वतःच्या गुडघ्याचं ऑपरेशन, सविस्तर. जागा संपल्यावर कार्ड आडवं धरून समासात, मग उलटं धरून उरलेल्या फटीत. पन्नास पैशांच्या कार्डावर सगळं घराणं मावायचं, ती सवय.

पोस्टातल्या ताईंनी तिकिटं दिली ती चांगली ऐसपैस. डिंकात बोट बुडवून मी उभा. गुडघा झाकू की समास? गुडघा वाचवला.

नंबर समासात होता.

मुक्ता रोज सांगायची, "अजून ट्रॅव्हलिंग दाखवतंय." साठ दिवस उलटले, कार्ड एक्स्पायर झालं. अण्णा माझ्याकडे बघून एवढंच म्हणाले, "शून्य पुसलंस ना?"

आणि मग निरोप आला. बाईंनी चौकशी करकरून नंबर मिळवला होता. गुडघा कसा आहे, विचारलं होतं. शिवाय, वरचं चित्र फार आवडलं, तो कोणता पक्षी?

"पक्षी!" अण्णा दिवसभर कुणाशी बोलले नाहीत. संध्याकाळी मुक्ताकडे लाल पेन मागितलं, आणि पुढच्या कार्डावरच्या 'श्री'ची वेलांटी पिसाऱ्यासारखी जरा जास्तच फुलली आहे असं मला वाटलं. मी बोललो नाही.

काल नेदरलँड्सचा पत्ता आलाय. पिनकोडात चार आकडे आणि दोन अक्षरं. अण्णांना अजून दाखवलेला नाही.