टोळीनं वेठीस धरलंय म्हणे

परवा आमच्या ऊस शेतकऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकानं टाकलं, "टोळीनं खुशालीसाठी वेठीस धरलंय, कारखान्यानं लक्ष घालावं." त्यावर पंचवीसेक अंगठे. त्यातला एक माझ्या वडिलांचा. खोटं कशाला सांगू, मी पण अंगठा टाकणारच होतो, आमचा पण सव्वा एकर उभा होता, तुरे आले होते, वजन रोज घटत होतं आणि ऊसतोड टोळीवाला खेपेला मजुरीवर वरचे पैसे मागत होता, त्यालाच खुशाली म्हणत्यात. पण त्या "वेठीस" शब्दाशी बोट थांबलं.

वेठ म्हणजे मजुरी द्यायची नाही आणि समोरच्याला नाही म्हणायची सोय ठेवायची नाही. महार वतन म्हणजे हेच की. जमिनीचा तुकडा आणि बलुतं, आणि त्या बदल्यात रात्री-अपरात्री हाक आली की हजर. सांगावा पोचवा, साहेबाचं ओझं वाहा, मेलेलं जनावर ओढा, चावडीवर बसून राहा. एकट्या वतनदाराच्या नाही, अख्ख्या भावकीच्या मानेवर ते जू. कर्ता गडी घरात नसला तर त्याच्या बापाला नायतर बाईला बोलवायचं.

आता तोच शब्द आपण कुणासाठी वापरतोय बघा. एसटीचा संप झाला की बातमी ठरलेली, प्रवासी वेठीस. नर्सचा संप, रुग्ण वेठीस. आणि जो माणूस पहाटे चारला उठून थंडीत आमचा ऊस तोडतोय त्यानं म्हणे आम्हाला वेठीस धरलं. राबणारा हात थांबला की तोच धरणारा झाला, हा शब्द असा उलटा कधी फिरला कुणास ठाऊक.

ग्रुपवर एवढंच लिहिलं तर एक पाव्हणं लगेच, "गुलामगिरी गोऱ्यांची, आपल्याकडं असलं काय नव्हतं." बरं. मग पेशवे दफ्तरात कुणबिणींच्या, म्हणजे गुलाम बायकांच्या, खरेदी-विक्रीच्या नोंदी कशाच्या हायत? व्यभिचाराचा आळ आला की बाईला सरकारजमा करायचे, आणि किल्ल्यावर, कोठीत, पागेत राबवायचे. "बटीक" हा शब्द आपण भांडणात सहज फेकतो, ती कुणाची तरी लेक होती आणि विकलेली होती हे डोक्यात पण येत नाही. मलिक अंबर आपण शाळेत शिकलो, गनिमी कावा, खडकी शहर, सगळं. इथिओपियातला तो पोरगा गुलाम म्हणून बाजारात विकला जात जात दख्खनला आला होता हे वाक्य मात्र आपण घाईघाईनं वाचून पुढं गेलो.

जोतिबांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिलं तेव्हा ते अमेरिकेतल्या गुलामांना सोडवणाऱ्या लोकांना अर्पण केलं होतं. दीडशे वर्षांपूर्वी पुण्यात बसून त्या माणसाला तिकडचं आणि इकडचं एकच हे दिसलं, आणि आपण फाईव्ह जीवर बसून म्हणतोय आपल्याकडं नव्हतं.

आणि कोल्हापूरकरानं तर हा विषय लांबचा म्हणूच नये. कारण तो सगळा व्यवहार जास्ती करून साखरेसाठीच चालला होता. आफ्रिकेतून सव्वा कोटी माणसं जहाजात कोंबली, त्यातली अठरा-एकोणीस लाख समुद्रातच मेली, आणि जी पोचली त्यातली लई ब्राझील नायतर कॅरिबियन बेटांवर उसाच्या फडात गेली. ऊस तोडला की थांबत नाही, रस लगेच काढायला लागतो, त्यामुळं हंगामात रात्रंदिवस घाणा. हे आपल्याला कुणी वेगळं समजावून सांगायला नको.

हैती तेव्हा फ्रान्सच्या ताब्यात होतं, युरोपात जाणाऱ्या साखरेचा मोठा वाटा तिथला. १७९१ च्या ऑगस्टमध्ये गुलामांनी पहिल्यांदा काय केलं तर उसाचे फड पेटवले. तेरा वर्षं लढले. तुसाँ लुव्हर्त्युर, स्वतः गुलाम म्हणून जन्मलेला माणूस, त्याला दगा करून फ्रान्सला नेला आणि तो तिथल्या थंड किल्ल्यात १८०३ ला मेला, तरी मागची माणसं हटली नाहीत आणि १ जानेवारी १८०४ ला देश स्वतंत्र. गुलामांनी स्वतः जिंकलेला देश.

पुढचं ऐका. १८२५ ला फ्रान्स लढाऊ जहाजं घेऊन दारात आला आणि म्हणाला आमच्या मालकांचं नुकसान झालंय, १५ कोटी फ्रँक भरा. म्हणजे पळून सुटलेल्यानं स्वतःची किंमत मालकाला द्यायची. पुढं ती रक्कम ९ कोटीवर आणली, पण तिच्यासाठी काढलेल्या कर्जाचं झेंगट मिटायला १९४७ उजाडलं. आपण झेंडावंदन करत होतो त्या साली.

इंग्रजांनी तेच केलं, फक्त सभ्यपणानं. १८३३ च्या कायद्यानं गुलामगिरी बंद, आणि २ कोटी पौंड नुकसानभरपाई. कुणाला? मालकांना. गुलामांना एक दमडी नाही, उलट अजून चार वर्षं "शिकाऊ" म्हणून त्याच मालकाकडं राबायचं. त्या भरपाईसाठी काढलेलं कर्ज ब्रिटिश सरकारनं २०१५ ला फेडून संपवलं, म्हणजे त्या गुलामांची पतवंडं जी आज लंडनमध्ये बस चालवत्यात त्यांच्या टॅक्समधून पण. आणि फडात माणूस कमी पडायला लागला तर १८३४ पासून आपली माणसं पाच-पाच वर्षांच्या गिरमिटावर, म्हणजे मजुरीच्या करारावर, मॉरिशसला नेली. त्यात मराठी पण होती, आजही तिथं मराठी समाज हाय.

अमेरिकेत जानेवारी १८६५ मध्ये जनरल शर्मननं हुकूम काढला, किनाऱ्याची जमीन चाळीस-चाळीस एकर करून सुटलेल्या कुटुंबांना द्या. लोकांनी पेरणी पण केली. वर्ष संपायच्या आत नव्या राष्ट्राध्यक्षानं जमिनी जुन्या मालकांना परत देऊन टाकल्या.

म्हणून मला आपल्या थोरल्या महाराजांचं, शाहू महाराजांचं, लई वाटतं, आणि ते चहाच्या गोष्टीमुळं नाही. गंगाराम कांबळे या दलित माणसाच्या हॉटेलात महाराजांनी घेतलेला चहा आपण दर २६ जूनला स्टेटसला ठेवतो, ठेवावाच. पण १९१८ ला शाहू महाराजांनी महार वतन मोडलं तेव्हा ती जमीन रयतावा करून, म्हणजे वतनाची चाकरी काढून साध्या शेतकऱ्याच्या जमिनीसारखी करून, ज्याच्याकडं होती त्याच्याच नावावर केली, ते कुणी स्टेटसला ठेवत नाही. वेठ गेली आणि जमीन हातात राहिली. लंडन, पॅरिस, वॉशिंग्टनला जे सुचलं नाही ते करवीरच्या राजाला सुचलं. मुंबई इलाख्यात बाबासाहेब १९२८ ला वतनाचं बिल घेऊन भांडत होते आणि कायदा व्हायला १९५८ लागलं. दसरा चौकातनं जाताना पुतळ्याला हात जोडतो तेव्हा माझ्या डोक्यात हे सातबाऱ्याचं असतं.

आता परत फडात या. आमच्यात बीडकडची टोळी येते. नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटा माणूस असला तर अर्धा कोयता. माणूस मोजायचं हे माप हाय. उचल, म्हणजे मजुरीवरची आगाऊ रक्कम, आधीच घेतलेली, दिवाळीपूर्वी, पोरीच्या लग्नात नायतर दवाखान्यात संपलेली. एक दिवस आजारी पडलं की खाडा, म्हणजे मजुरी नाहीच, वर दंड. गेल्या हंगामात एक मावशी मोळी डोक्यावर घेऊन फळीवरनं ट्रॉलीत चढत होती, उतरल्यावर पाणी प्यायला आमच्या विहिरीवर आली. म्हटलं यंदा फिटली काय उचल. म्हणाली, "कशाची फिटती, पंचाळीस हजार राहिलं अंगावर. पुढल्या साली यावंच लागंल." यावंच लागंल. तिनं हे एवढ्या साध्या आवाजात सांगितलं की मला पुढं काय बोलायचं सुचलं नाही, कळशी भरून दिली.

आता माझा मावसभाऊ वाहतूकदार हाय, त्याचे आठ लाख घेऊन एक मुकादम, म्हणजे टोळी जमवून आणणारा, गायब झाला, टोळी आलीच नाही, ट्रॅक्टरचे हप्ते अजून चालू हायत. त्याचं दुःख मला कळतं. तो पण हीच पोस्ट वाचून मला शिव्या घालणार. पण दादा, तुला लुबाडलं मुकादमानं, आणि त्याची वसुली कुणाच्या पाठीवरनं होते ते पण बघ.

वेठबिगारीचा कायदा १९७६ चा हाय. घटनेच्या कलम २३ मध्ये वेठ बंद. आणि १९८२ ला दिल्लीतल्या एशियाड मजुरांच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की किमान वेतनापेक्षा कमी देऊन करून घेतलेलं काम म्हणजे सक्तीचंच काम, माणसाला साखळीच घातलेली पायजे असं नाही, नाइलाज पण साखळीच. तोडणी, वाहतूक, उचल, व्याज, खाडा, मुकादमाचं कमिशन, दोघांचे दिवसाचे बारा-चौदा तास, हे सगळं एका कागदावर मांडून बघा एकदा. मी मांडलं. आकडा इथं टाकत नाही, तुमच्या फडाचा तुम्ही काढा.

खुशाली मी पण दिली. राग येऊनच दिली, उगच संत बनत नाही. ऊस गेला.

हे सगळं थोडक्यात ग्रुपवर टाकलं तर दोघं लेफ्ट झाले. वडील काय बोलले नाहीत. रात्री जेवताना मोबाईल पुढं केला आणि विचारलं, "दिलेला अंगठा काढता येतो काय रं?"

म्हटलं येतो की.

जरा वेळ बघत बसले स्क्रीनकडं. मग म्हणाले, "ऱ्हाऊ दे. सगळी इचारतील."