‘स्पष्टवक्ता’ यांना, जरा सविस्तर

साध्या पण महागड्या मनगटी घड्याळांवर मी मागे जो लेख लिहिला, त्याखाली ‘स्पष्टवक्ता’ या टोपणनावाने एक लांबलचक प्रतिक्रिया आली आहे. सगळ्यांना ती शोधत बसायला नको म्हणून थोडक्यात इथेच सांगतो. त्यांचं म्हणणं असं, की तबकडीवर काहीच नसलेल्या घड्याळाला लाखो रुपये मोजणं हा शुद्ध मूर्खपणा आहे आणि हा साधेपणा म्हणजे ‘उलटी मिजास’ आहे, न दाखवल्यासारखं करून दाखवणं. शिवाय एचएमटी या सरकारी कंपनीचं ‘जनता’ हे साधं घड्याळही वेळच दाखवायचं, मुंबईच्या पावसात ही नाजूक घड्याळं टिकत नाहीत, आणि मोबाइल असताना घड्याळ हवंच कशाला. सुरुवात ‘अहो शेठ’ अशी. शेवट असा: ‘तुमच्यासारख्या नवश्रीमंतांना घड्याळातलं काय कळतं? कंपनीने फुकट दिलं असेल.’

मतभेदाला माझी ना नाही. या लेखमालेत अनेकांनी मला खोडून काढलंय आणि मी ते मुकाट वाचलंय. पण बोलण्याची काही रीत असते. ज्या माणसाला आपण ओळखत नाही, ज्याच्या घरी कधी चहा प्यायलो नाही, त्याला ‘शेठ’ म्हणून हाक मारायची आणि वर स्वतःला स्पष्टवक्ता म्हणवून घ्यायचं! स्पष्ट बोलायला टोपणनाव कशाला लागतं, हे मला अजून उमगलेलं नाही. असो.

आता नवश्रीमंत. माझे वडील गिरगावातल्या एका छापखान्यात जुळारी होते. खिळे, म्हणजे शिशाची अक्षरं, जुळवायचे. आम्ही चाळीतल्या एका खोलीत पाच माणसं राहायचो. वडिलांच्या हातावर एचएमटी जनताच होतं, तेव्हा त्याचा महिमा मला शिकवू नका. रोज सकाळी दाढी झाली की ते चावी द्यायचे आणि रविवारी आकाशवाणीच्या बातम्यांआधीच्या ठोक्यांवर काटे जुळवायचे. माझं ग्रँड सेको, म्हणजे जपानच्या सेकोचं वरच्या दर्जाचं घड्याळ, मी मुलीचं शिक्षण संपल्यावर घेतलं, साठवलेल्या पैशांतून, रोख. पावती कपाटात आहे. कंपनीने मला साधं कॅलेंडरही कधी पाठवलेलं नाही.

छापखान्याचं नाव काढलंच आहे तर तुमच्या पहिल्या वाक्याकडे येतो, कारण सगळी गंमत तिथेच आहे. ‘तबकडीवर काहीच नाही, मग पैसे कशाचे?’ वडील सांगायचे, की लग्नपत्रिकेपेक्षा व्हिजिटिंग कार्ड जुळवायला वेळ जास्त लागतो. पत्रिकेत गणपती, वेलबुट्टी, ‘आमच्या येथे श्रीकृपेकरून’ आणि आप्तेष्टांची पलटण. एखादी ओळ केसभर सरकली तरी कुणाच्या बापाला कळत नाही. कार्डावर नाव आणि पत्ता, बस. मधली कोरी जागाही शिशाचे कोरे तुकडे बसवूनच तयार व्हायची आणि एक तुकडा कमी-जास्त झाला की नाव डावीकडे कललेलं आंधळ्यालाही दिसायचं.

घड्याळाचंही तसंच आहे. तारखेची खिडकी, तीन छोट्या तबकड्या, बाहेर आकड्यांची फिरती रिंग, त्यात हिरे, एवढा बाजार मांडला की एखादा काटा मिनिटाच्या रेघेपर्यंत पोचत नाही, हे खपून जातं. साध्या तबकडीत बारा खुणा आणि दोन-तीन काटे. मिनिट काट्याचं टोक रेघेला नेमकं भिडलं पाहिजे. तासांचे हे ठसे छापलेले नसून वेगळे घडवून बसवलेले असतील तर बाराही एकाच कोनात चमकले पाहिजेत. तबकडीवर धुळीचा एक कण राहिला तर तो जन्मभर तुमच्याकडे बघत बसतो.

जमलं तर घरातल्या ट्यूबलाइटखाली एक प्रयोग करून बघा. स्वस्त चकचकीत घड्याळ घ्या आणि केसच्या, म्हणजे घड्याळाच्या धातूच्या कवचाच्या, सपाट कडेवर ट्यूबचं प्रतिबिंब पाडा. पांढरी रेघ थरथरल्यासारखी, मध्येच फुगलेली दिसेल. मग ग्रँड सेकोची कड तशीच धरा. रेघ सरळ, आणि जिथे एक पृष्ठ संपून दुसरं सुरू होतं तिथे सुरीने कापल्यासारखी तुटते. या पॉलिशला ते झारात्सू म्हणतात. कारागीर फिरत्या चकतीवर केस हाताने धरतो आणि दाब थोडा चुकला की कड गोल होते, मग ती परत आणता येत नाही. काट्यांचंही बघा. मधोमध उभी धार, तिच्या एका बाजूला उजेड तर दुसऱ्या बाजूला काळोख. म्हणून अंधूक खोलीतही वेळ वाचता येते, रेडियम नसताना. 1967 सालच्या 44जीएस या मॉडेलपासून त्या लोकांनी हे सपाट पृष्ठांचं नि धारदार कडांचं तंत्र नियमासारखं पाळलंय. ‘काहीच नाही’ म्हणता ते हे.

आणि ही आजची टूम नाही. 1932 साली, जागतिक मंदीच्या काळात, जिनिव्हाच्या पाटेक फिलिप या घड्याळ कंपनीची मालकी स्टर्न बंधूंकडे गेली. हे स्टर्न मूळचे कोण? तबकड्या बनवणारे, पाटेकलाच तबकड्या पुरवणारे! ज्यांचं पोट तबकडीवर, त्यांनी आल्या वर्षी काय आणलं, तर कलात्राव्हा 96 हे साधं घड्याळ. जेमतेम 31 मिलिमीटर, सरळ ठसे, सरळ काटे आणि छोटा सेकंद काटा. नक्षी विकून पैसे मिळत असते तर त्यांच्याइतकं ते कुणाला कळलं असतं? पियाजे या स्विस कंपनीने 1957 साली 9पी हे चावीचं यंत्र काढलं, त्याची जाडी 2 मिलिमीटर. चाकं, स्प्रिंग, तोल सांभाळणारं चक्र, सगळं तेवढ्यात. इतक्या पातळ कामात पट्टी किंचित वाकली की घड्याळ बंद. बर्लिनची भिंत पडल्यावर 1990 मध्ये ग्लासहूटे या जर्मन गावात नोमोस ही घड्याळ कंपनी उभी राहिली आणि 1992 च्या त्यांच्या टँजेंट या घड्याळावर फक्त बारीक रेघा आणि आकडे आहेत. इतकी वर्षं हे चाललंय आणि तुम्ही मला सांगता, की मी काल श्रीमंत झालो म्हणून मला हे सुचलं.

हवं तर चोरबाजारात एक फेरी मारा. जुन्या घड्याळांच्या तबकड्या पुन्हा रंगवून विकायचा धंदा आपल्याकडे इतका चालतो, की परदेशातले संग्राहक अशा मालाला ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. भडक निळी-केशरी तबकडी असली की गिऱ्हाईक भुलतं. तेच साधी पांढरी जनता रंगवलेली असेल तर अक्षरं जाड झालेली, रेघा काट्यांपासून फटकून, एका नजरेत कळतं. साधेपणात लपायला जागा नसते, हे तिथला ठेलेवालासुद्धा जाणतो.

जनताचं म्हणाल तर तो मुद्दा तुमच्याच अंगलट येतोय. 1961 मध्ये जपानच्या सिटिझनच्या मदतीने एचएमटीने बंगळुरात घड्याळं बनवायला सुरुवात केली. त्यातलं जनता हे साध्या तबकडीचंच उत्तम उदाहरण आहे. म्हणजे साधी तबकडी सुंदर असते हे तुम्हालाही पटलंय, फक्त ती स्वस्त असावी एवढाच तुमचा आग्रह. मग भांडण कसलं?

‘उलटी मिजास’ या आरोपात मला फारसा दम वाटत नाही. मिजास करायचीच असती तर सोन्याचं, मोठ्या अक्षरांचं घेतलं असतं. माझं घड्याळ शर्टाच्या बाहीखाली जातं, ऑफिसात कुणाला पत्ता नाही. क्वचित कुणी जाणकार भेटतो. मागे दादरला उतरताना दांड्याला धरलेल्या माझ्या हाताकडे बघून एक तरुण हळूच म्हणाला, ‘काका, ग्रँड सेको ना?’ खरं सांगतो, दिवसभर छान वाटलं. पण त्याला मिजास म्हणत नाहीत, ती ओळखणाऱ्याची दाद असते.

पावसाचा मुद्दा मात्र मान्य. या पातळ, ड्रेस प्रकारच्या घड्याळांवर बहुतेकदा 30 मीटर लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ 30 मीटर पाण्यात उतरा असा नाही, हात धुताना चार शिंतोडे उडाले तर चालतील एवढाच. हिंदमाताला गुडघाभर पाण्यातून चालणाऱ्याने ते घालू नये, आणि चामडी पट्टा तर आपल्या दमट हवेत वास मारायला लागतो. जून ते सप्टेंबर मी स्वतः प्लास्टिकचं कॅसिओ घालतो. बघा, जे बरोबर आहे ते बरोबर म्हणायला मला जड जात नाही. हे दोन्हीकडून झालं असतं तर बरं होतं.

मोबाइलबद्दल काय बोलणार? मोबाइलमध्ये कंदीलही आहे, म्हणून दिवाळीत तोच टांगता का?

कलात्राव्हावर स्वतंत्र लेख लिहितोय, तो आला की वाचा किंवा वाचू नका. तुमची ही प्रतिक्रिया मी काढलेली नाही, ‘शेठ’सकट तशीच ठेवली आहे. पुढची मात्र खऱ्या नावाने आली तरच लावीन.